जास्तीचा अर्धा फेरा

यूट्यूबवर गाडीचे ब्रेक पॅड बदलायला अकरा मिनिटं लागतात. त्यातली पहिली तीन 'चॅनेल सबस्क्राइब करा' हे सांगण्यात जातात, शेवटची दोन आभार मानण्यात. उरलेल्या सहा मिनिटांत स्वच्छ नखांचा एक माणूस चाक काढतो, "आता हे दोन बोल्ट काढून घ्या" असं म्हणतो, आणि ते दोन बोल्ट निघतात. कुरकुरत नाहीत, अडत नाहीत, कुणाच्या तोंडून शिवी काढत नाहीत. या माणसानं ते बोल्ट आदल्या रात्रीच एकदा काढून, तेल लावून, परत हातानं बसवलेले असतात, असा माझा दाट संशय आहे.

खरा बोल्ट पाहायचा असेल तर पावसाळा तोंडावर आलेला असताना एखाद्या रविवारी पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जावं. तिथं एक गाडी जॅकवर तिरकी उभी असते. काढलेलं चाक, मालक शहाणा असेल तर, गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवलेलं असतं, म्हणजे जॅक सुटलाच तर गाडी चाकावर बसावी, माणसावर नाही. चाकाच्या रिकाम्या कमानीत डोकं घालून एक माणूस उकिडवा बसलेला असतो आणि त्याच्या पाठीमागे चार-पाच जण हाताची घडी घालून उभे असतात. गाडी त्या एकाची असते. अडकलेला बोल्ट मात्र सार्वजनिक असतो.

तसं पाहिलं तर पुढच्या डिस्क ब्रेकचं काम अवघड नाही. कॅलिपर नावाचा एक लोखंडी जबडा डिस्कला दोन्ही बाजूंनी धरून बसलेला असतो. तो ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांचे बोल्ट बहुतेक छोट्या गाड्यांत बाराचे नाहीतर चौदाचे. तो ज्या ब्रॅकेटवर बसतो त्याचे पुष्कळदा सतराचे. "सतराचा पाना दे रे" हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही त्यानं गॅरेज बाहेरूनच पाहिलं. पण नुसते पॅड बदलायला सतराला हात लावायची गरजही नसते. पिनेचा खालचा एक बोल्ट काढला की कॅलिपर वर उचलता येतो. जुने पॅड बाहेर, नवे आत. सगळं काम एका बोटाएवढ्या बोल्टावर येऊन थांबतं. आणि थांबतं म्हणजे थांबतंच.

तो का अडतो, हे कळायला त्याचा पत्ता बघावा. त्याच्यापासून चार बोटांवर डिस्क आहे, जी ताम्हिणी उतरताना काहीशे अंश सेल्सियसपर्यंत तापते. तापलेली ती डिस्क घाट संपताच एखाद्या डबक्यातून जाते. वर पॅडची आणि डिस्कची काळी भुकटी, जिच्यात लोखंडच भरलेलं असतं, ती त्याच्या आट्यांच्या तोंडाशी जाऊन बसते. लोखंड गंजलं की फुगतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. बोल्ट आतल्या आत लठ्ठ होत जातो आणि भोक तेवढंच राहतं. यात ज्यांना गाडी दिवेआगरच्या नाहीतर नागावच्या वाळूत घालून, लाटेत चाकं बुडवून फोटो काढायची हौस आहे, त्यांच्या बोल्टांचं विचारूच नका. फोटोवरचे लाइक्स दोन दिवसांत थांबतात, पण मीठ पुढची चार वर्षं मन लावून काम करत राहतं. दिल्लीला कुतुबमिनारापाशी एक लोहस्तंभ सोळाशे वर्षं पावसात उभा आहे आणि धड गंजायला तयार नाही, कारण त्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे आणि त्यामुळे त्याच्यावर एक संरक्षक थर धरलेला आहे. त्या स्तंभाला अर्थात ब्रेक नाहीत.

पण सगळं पाप गंजाच्या माथी मारणं बरोबर नाही. गंज नंतर येतो. त्याआधी एक माणूस आलेला असतो.

बोल्ट आवळणं म्हणजे त्याला किंचित ताणून ठेवणं. ताणलेला बोल्ट मागे यायला बघतो आणि त्या ओढीनं दोन भाग एकमेकांना धरून राहतात. आता गंमत अशी, की आपण पान्यावर जो जोर लावतो त्यातला साधारण 50 टक्के बोल्टाच्या डोक्याखालच्या घासण्यात जातो, 40 टक्के आट्यांच्या घासण्यात, आणि प्रत्यक्ष ताणायला उरतात जेमतेम 10 टक्के. रुपयातले पंधराच पैसे गरिबापर्यंत पोचतात, अशी खंत राजीव गांधींनी व्यक्त केली होती. बोल्टापर्यंत दहाच पोचतात. म्हणून किती जोर लावायचा हे कारखान्यानं ठरवून दिलेलं असतं. छोट्या गाडीच्या कॅलिपर पिनेच्या बोल्टाला तो आकडा साधारण 25 ते 35 न्यूटन-मीटरच्या घरात असतो. फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोंचा जोर दिला की काम झालं. एका हाताचा खेळ आहे.

हा जोर मोजायचा टॉर्क रेंच नावाचा पाना असतो. बऱ्याच गॅरेजांत तो असतोही, पण लग्नात आलेल्या चांदीच्या ताटासारखा पेटीत असतो. रोजच्या कामाला मनगट. मनगटाचा अंदाज वाईट असतो असं मी म्हणणार नाही, वीस वर्षं पाना धरलेल्या हाताला बरोबर कळतं. तो हात थांबायचं तिथं थांबतोही. मग मिस्त्री उठून उभा राहतो, हात पुसतो, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघतो, आणि परत खाली बसून आणखी अर्धा फेरा मारतो. "राहू दे, ब्रेकचं काम आहे."

हा जो जास्तीचा अर्धा फेरा आहे ना, तो या लेखाचा नायक आहे. त्यात द्वेष नसतो, निष्काळजीपणा तर नसतोच. असते ती निव्वळ काळजी. मराठी माणूस निघताना कुलूप लावतो, ते दोनदा ओढून बघतो, जिना उतरतो आणि परत वर येऊन तिसऱ्यांदा ओढतो. कुलपाला त्यानं काही होत नाही. बोल्टाला होतं. आणि त्याचा हिशेब चार वर्षांनी दुसऱ्याच कुणाला तरी चुकवावा लागतो. म्हणूनच कुठल्याही गॅरेजात, कुठल्याही गाडीपुढे, कुठल्याही मिस्त्रीचं पहिलं वाक्य तेच असतं: "याला कोणी हात लावला होता?" आजवर एकाही मिस्त्रीला आधीच्या मिस्त्रीचं काम आवडलेलं मी पाहिलेलं नाही. संगीतात आणि वैद्यकातही असंच असतं म्हणतात, पण तिथं निदान आधीचं नाव तरी माहीत असतं.

आता पार्किंगकडे वळू. उकिडवा बसलेला तरुण सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं ऑनलाइन मागवलेला गोट्यांचा, म्हणजे सॉकेटांचा, संच आज पहिल्यांदा उघडलाय. संचात एकशे आठ नग आहेत. जपमाळेत मणीही तेवढेच असतात आणि उपयोगही साधारण तसाच, एकेक हातात घेऊन पुढे सरकवायचा. त्याच्या मागे दुसऱ्या मजल्यावरचे काका. काका टेल्कोतून निवृत्त झालेले. तिथं ते अकाउंट्समध्ये होते, पण हे ते आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. त्यांच्या शेजारी वॉचमन, दुधाची पिशवी हातात धरलेले एक गृहस्थ, आणि क्रिकेट सोडून आलेली दोन मुलं.

"काका, हलत नाहीये."

"कुठल्या बाजूला फिरवतोयस?"

"डावीकडे."

"कुणाच्या डावीकडे?"

इथं सगळे गप्प होतात. प्रश्न बिनतोड आहे. बोल्टाचं डोकं समोर असलं तर सुटायला घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कॅलिपरच्या बोल्टाचं डोकं गाडीच्या आतल्या बाजूला असतं. तुम्ही बाहेरून, वरून, कमानीत मान घालून, उलट्या हातानं पाना लावलेला असतो. अशा वेळी घड्याळ कुठल्या भिंतीवर टांगायचं? भल्याभल्यांनी सुटायचा बोल्ट तासभर जिवाच्या आकांतानं आवळलेला आहे.

"उलटे आटे असतील," दुधाची पिशवी म्हणते.

उलटे आटे असतात, नाही असं नाही. सायकलच्या डाव्या पायडलला असतात, नाहीतर पाय मारता मारता पायडल सुटून आलं असतं. टेबलफॅनच्या पात्यावरच्या टोपीला असतात. वेल्डिंगवाल्याच्या अॅसिटिलीनच्या सिलिंडरला असतात, म्हणजे ऑक्सिजनची नळी चुकूनही त्याला बसू नये. पण कॅलिपरच्या बोल्टाला नसतात. हे माहीत असूनही प्रत्येक अडकलेल्या बोल्टापुढे कुणीतरी उलट्या आट्यांचा मुद्दा काढतंच. आपल्याला जमत नाही, त्याअर्थी वस्तूच उलटी असणार, हा विचार मनाला बरा वाटतो.

"मी सांगू? आधी थोडा घट्ट कर," काका म्हणतात.

सगळे हसतात. आणि इथं काकांवर अन्याय होतो, कारण काकांचं बरोबर आहे. अडकलेला बोल्ट सोडायचा जुना मार्ग हाच: आधी केसभर आवळायचा, मग केसभर सोडायचा, परत आवळायचा, परत सोडायचा. गंजाचा थर एकदा कुठल्याही बाजूला तुटला की पुढचं सोपं. पण सुटत नाही ते घट्ट करा, असं निवृत्त माणसानं सांगितलं की लोक चहाची वेळ झाली असं समजतात.

पुढची पायरी जोराची. संचातल्या टॉमीनं, म्हणजे गोटी फिरवायच्या दांड्यानं, भागत नाही असं दिसलं की पाईप शोधतात. पाना जितका लांब तितका जोर कमी लागतो, एवढं विज्ञान सगळ्यांच्या अंगात मुरलेलं आहे. आमच्या पाहण्यातल्या एका पार्किंगमध्ये हा पाईप म्हणून सोसायटीच्या झेंड्याची काठी आली होती. ऑफिसातून ती काढायला सेक्रेटरींची परवानगी लागली, आणि परवानगीबरोबर सेक्रेटरीही खाली आले. सहा फुटांच्या पाईपला टोकाशी लोंबकळलं की पुढे तीन गोष्टी होऊ शकतात: बोल्ट सुटतो, बोल्ट तुटतो, नाहीतर गाडी जॅकवरून उतरते. लोंबकळणाऱ्याचं लक्ष यातल्या फक्त पहिलीकडे असतं. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करून ठेवायचे असतात आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीला झेंड्याची काठी लावायची नसते, हे मी इथं जरा रागानंच लिहून ठेवतो. बाकी सगळं विनोदानं घ्या.

चौथी शक्यता मात्र सगळ्यात जास्त वेळा घडते. बोल्टही सुटत नाही, गाडीही पडत नाही; 'खर्रर्र' असा आवाज येतो आणि पाना मोकळा फिरतो. क्षणभर आनंद. मग कळतं की फिरला तो पाना, बोल्ट नाही. त्याचे सहा कोपरे गेले, षटकोनाचं वर्तुळ झालं. भूमितीत हे करायला अनंत बाजू लागतात. पार्किंगमध्ये एक बारा खाचांची गोटी पुरते. अशी गोटी बोल्टाला फक्त कोपऱ्यांशी धरते. सहा खाचांची गोटी सपाट बाजूंना धरते, म्हणून अडकलेल्या कामाला सहाचीच घ्यावी. पण एकशे आठ नगांच्या संचात बाराच्या असतात, कारण त्या पटकन बसतात आणि दिसायला फुलासारख्या दिसतात. दुसरा गुन्हेगार म्हणजे 'जवळजवळ बसणारा' पाना. वडिलांच्या पेटीत इंची पाने असतात. नऊ-सोळांश इंचाचा पाना म्हणजे 14.29 मिलीमीटर, तो चौदाच्या बोल्टाला बसतो. जवळजवळ. त्या 0.29 मध्ये बोल्टाचं कल्याण होतं. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थनं 1841 साली आट्यांचं प्रमाण ठरवायची योजना मांडली, त्याआधी म्हणे एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला बसायचाच नाही. म्हणजे अडकायचाही नाही. प्रगतीचे तोटे असतात ते असे.

एव्हाना गॅलरीतून आवाज येतो, "ऐकलंस का, आईंना साडेपाचला डॉक्टरकडे न्यायचंय. होईल ना गाडी?"

"होत आली," असं खालून उत्तर जातं. जगातल्या कुठल्याही बोल्टापेक्षा हे उत्तर जास्त घट्ट असतं.

मग द्रवपदार्थांचं युग सुरू होतं. पूर्वी रॉकेल असायचं. आता ते शोधावं लागतं. कुणी खोबरेल आणतं, कुणी लिंबू, कुणी उरलेलं कोला. अखेर निळी-पिवळी डबी येते: डब्ल्यूडी-40. ही डबी ज्या घरात नाही त्या घरात किमान तिचं नाव तरी आहे. 1953 साली अमेरिकेतल्या सॅन दिएगो गावी रॉकेट केमिकल कंपनी नावाच्या छोट्याशा कंपनीनं पाणी हटवणारं द्रव्य बनवायचं ठरवलं; चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून नावात चाळीस. अॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून ते वापरलं गेलं. क्षेपणास्त्रापासून निघालेलं हे द्रव्य आज आपल्याकडे दाराच्या बिजागरीला, शटरला, शिलाई मशीनला आणि एका घरी तर गुडघ्याला लावलेलं मी पाहिलं आहे. मुळात ते पाणी हटवायचं औषध. गंजलेल्या आट्यांत शिरायला त्याहून पातळ, त्याच कामासाठी केलेली तेलं मिळतात. पण कुठलंही वापरा, त्याला वेळ लागतो. रात्रभर द्यावी, दोन-तीनदा मारावं, अधूनमधून बोल्टावर हलके ठोके द्यावेत म्हणजे ते आत झिरपतं. आपण मात्र फवारा मारतो, डबी खाली ठेवेपर्यंत थांबतो आणि पाना लावतो. आणि हे मारताना खाली डिस्क आणि पॅड आहेत, त्यांच्यावर तेल उडालं तर सुटलेल्या बोल्टाचा आनंद पहिल्या सिग्नलपर्यंतच टिकेल, हे पाहणाऱ्या पाच जणांतल्या एकालाही सुचत नाही. त्यांना तोपर्यंत दुसरं काहीतरी सुचलेलं असतं.

"साहेब, आमच्याकडं ट्रॅक्टरला असं झालं की जाळ करत्यात," वॉचमन म्हणतो.

ट्रॅक्टरला ठीक आहे. तापवलं की लोखंड प्रसरण पावतं, गंजाची पकड सुटते, उपाय शास्त्रशुद्ध आहे. पण कॅलिपरमध्ये रबरी सील आहेत, पिनांवर रबरी टोप्या आहेत, आत ब्रेक ऑइल आहे. त्यातून कुणी आधी ब्रेक क्लीनरचा फवारा मारून ठेवला असेल आणि तो क्लोरीनयुक्त असेल, तर ज्योतीशी आल्यावर त्यातून फॉस्जीन तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांवर सोडलेला तो हाच वायू. रविवारी दुपारी, सोसायटीच्या बंदिस्त पार्किंगमध्ये, एका बोल्टासाठी!

काही गाड्यांत याहून मोठी परीक्षा डिस्कवरच असते. काही जपानी घराण्यांतल्या गाड्यांत डिस्कला हबशी धरायला दोन बारीक स्क्रू असतात, सहा मिलीमीटरचे, चपट्या डोक्याचे, स्टारच्या खाचेचे. कारखान्यात चाक बसेपर्यंत डिस्क जागेवर राहावी एवढंच त्यांचं काम. एकदा चाक बसलं की डिस्कला चाकाचे नट धरतात आणि हे दोघं आयुष्यभर काहीही करत नाहीत. तरीही सगळ्या गाडीत यांच्याइतकं चिवट कोणी नसतं. काम नसलेल्या माणसाला खुर्चीवरून उठवणं सर्वांत अवघड, हे सरकारी कचेरीत गेलेल्यांना सांगायला नको. त्यातून आपला घरचा स्टार स्क्रूड्रायव्हर फिलिप्स पद्धतीचा. अमेरिकेत हेन्री फिलिप्सनं 1930च्या दशकात ही पद्धत चालवली आणि 1936 मध्ये ती कॅडिलॅकच्या कारखान्यात गेली. जोर वाढला की हा स्क्रूड्रायव्हर खाचेतून वर सरकतो आणि सरकताना खाच खरवडतो. जपानी खाच दिसायला तशीच, पण मापाला वेगळी. फिलिप्स तिच्यात बसतो, पुन्हा तेच, जवळजवळ. याला उपाय म्हणजे हातोड्याचा इम्पॅक्ट ड्रायव्हर: जाडजूड दांडा, वरून हातोडा हाणला की टोक आत दाबलं जातं आणि त्याच झटक्यात फिरतं. अगदी साधं, जुनं, बॅटरी न लागणारं हत्यार आहे. नागदेवीत किंवा नाना पेठेत मिळतं. रागावलेल्या माणसाला कामाला लावणारं दुसरं इतकं चांगलं यंत्र माझ्या माहितीत नाही.

अखेर गॅरेजातला मिस्त्री येतो. त्याला फोन कुणी केला हे कळत नाही. उकिडव्यानं केलेला नसतो. तो येतो, सगळे बाजूला होतात. तो विचारतो, "याला कोणी हात लावला होता?" सगळे काकांकडे बघतात. तो गोल झालेल्या डोक्याच्या दोन बाजू कानशीनं सपाट करतो, मापानं किंचित लहान, सहा खाचांची गोटी त्यावर हातोड्यानं ठोकून बसवतो, बोल्टाच्या टाळक्यात सरळ दोन घाव घालतो, टॉमी लावतो आणि अंगाचा भार हळूहळू वाढवत जातो. झटका नाही. सगळं पार्किंग श्वास रोखतं. आणि मग येतो तो आवाज.

टक्.

या आवाजाबद्दल बोल्ट बनवणाऱ्यांनी काहीतरी करायला हवं होतं. कारण बोल्ट सुटतो तेव्हाही 'टक्' असाच आवाज येतो आणि तुटतो तेव्हाही 'टक्' असाच येतो. दोन्ही वेळा पाना अचानक हलका होतो, दोन्ही वेळा मुलं टाळ्या वाजवतात. फरक फक्त हातालाच कळतो, तोही पुढच्या पाव फेऱ्यात. सुटलेला बोल्ट फिरताना आणखी एकदा कुरकुरतो, थोडी लाल भुकटी सांडतो, आट्याआट्यानं बाहेर येतो. तुटलेला विनातक्रार फिरतो. लोण्यासारखा. अडलेल्या गोष्टी इतक्या गोडीनं वागायला लागल्या की मिस्त्रीचा चेहरा पडतो, आणि तो काही न बोलता टॉमी खाली ठेवतो.

तुटल्यावरही वाट असते. धड थोडं बाहेर असेल तर वेल्डिंगवाला त्यावर नवा नट ठेवून आतून वेल्ड मारतो. त्या तापण्यानंच निम्मा गंज सुटतो आणि मग साध्या पान्यानं तो फिरतो. हे काम पाहण्यासारखं असतं, अर्थात कॅलिपर गाडीवरून उतरवून. बोल्ट आतच तुटला असेल तर मधोमध भोक पाडून त्यात उलट्या पिळाचा एक्स्ट्रॅक्टर घालतात. तो उलटा फिरवत गेलं की आत रुततो आणि तुकड्याला घेऊन बाहेर येतो. यायला हवा, असं म्हणू. कारण हा एक्स्ट्रॅक्टर फार कडक पोलादाचा, म्हणून ठिसूळ, आणि तो आत तुटला तर त्याला भोक पाडणारं साधं ड्रिल तुमच्याकडे नसतं. बोल्टात बोल्टापेक्षा कठीण वस्तू अडकवून ठेवण्याचा हा एकमेव अधिकृत मार्ग आहे. ब्रेकमधली हवा काढायची जी निप्पल असते ती तर आतून पोकळच असते. तिला झेंड्याच्या काठीची काय, नुसत्या अधीर मनगटाचीही गरज नसते तुटायला.

मागच्या चाकाचं प्रकरण वेगळं. तिथं पुष्कळ गाड्यांना अजून ड्रम असतो, आणि तो काढायला बोल्ट नसतोच. चाक काढलं की ड्रम नुसता ओढायचा. तो येत नाही. मग हातोडा, मग लाकडाचा ठोकळा मध्ये ठेवून हातोडा, मग नुसताच हातोडा. या सगळ्या वेळात ड्रमच्या चेहऱ्यावर आट्यांची दोन भोकं डोळ्यांसारखी टक लावून बघत असतात. मारुतीच्या ड्रमला ती आठ मिलीमीटरची असतात. त्यांत दोन बोल्ट घालून आळीपाळीनं आवळत गेलं की ते हबला टेकतात आणि ड्रमला पुढे ढकलतात. आवाज न होता ड्रम हातात येतो. कुणीतरी इंजिनिअरनं, त्याला आपण सगळे पुढे काय करणार हे आधीच दिसत होतं म्हणून, ती सोय करून ठेवली आहे. मात्र ते करायच्याही आधी विचारायचा एक प्रश्न असतो आणि तो पार्किंगमध्ये नेहमी सगळ्यात लहान मुलगा विचारतो.

"काका, हँडब्रेक खाली केलाय का?"

तर असो. बोल्ट निघतो. मिस्त्री असतो तिथं बहुतेक निघतोच. नवे पॅड बसतात, पिनांना ब्रेकसाठीचं खास ग्रीस लागतं, साधं नाही, कारण साध्या ग्रीसनं रबरी टोप्या फुगतात. नवा बोल्ट, स्वच्छ आटे, आकडाही ठरलेला. तरुणानं, त्याला याचं श्रेय द्यायला हवं, मिस्त्रीकडून टॉर्क रेंच मागून आणलेला असतो. तो आवळत जातो, ठरलेल्या आकड्याला रेंच 'कट्' असा आवाज करतो आणि तो थांबतो. सगळे समाधानानं माना डोलावतात. दुधाची पिशवी घरी जायला निघते. तेवढ्यात काका पुढे होतात, खाली वाकतात, साधा पाना हातात घेतात.

"राहू दे, ब्रेकचं काम आहे."

अर्धा फेरा.

आता वाचकहो, तुमचा बोल्ट सुटो न सुटो, एक सांगणं ऐका. नवे पॅड बसवताना कॅलिपरचा पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा ब्रेक दाबला की पायडल सरळ जमिनीला टेकतं आणि चाकं अजिबात धरली जात नाहीत. म्हणून गाडी सुरू करून गिअर टाकायच्या आधी, जागेवरच, पायडल कडक लागेपर्यंत चार-सहा वेळा दाबून घ्या. विसरू नका. समोर नेहमी सेक्रेटरींचीच गाडी उभी असते.